देवासमोर वाचलेला फॉर्म

माप खोटं सांगणाऱ्या बायकांवर मी अठ्ठावीस वर्षं चिडत आले आहे. मुलुंडला गव्हाणपाड्यात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. बाई येते, पोट आत ओढून उभी राहते आणि म्हणते, "वनमालाताई, छत्तीसच धरा, मी बारीक होणारेय." मी टेप लावते आणि वहीत गुपचूप चाळीस लिहिते. कारण छत्तीसचा ब्लाऊज लग्नाच्या मांडवात उसवला की शिव्या बाईला नाही, मला बसतात. सांगायचं कारण असं, की लोकांची मापं इतकी खरी लिहिणाऱ्या माझ्याच घरात एक माप सहा वर्षं खोटं चाललं होतं आणि मी तोंड शिवून बसले होते.

आमच्या ह्यांना, म्हणजे बाळा परबांना, साखर होती. घरात मला माहीत होतं, आमच्या लेकीला, ऋतिकाला, माहीत होतं, आणि डॉक्टरला. बाकी कुणाला नाही. गोळ्या सुपारीच्या डबीत असायच्या. मंडळाच्या पूजेला हे प्रसादाचा शिरा मागून दोनदा खायचे, कुणाला संशय यायला नको म्हणून, आणि घरी येऊन पंख्याखाली आडवे व्हायचे. मी कपाळावर हात मारून घ्यायची.

लपवायचं कारण होतं. आमचं गाव कुडाळकडचं. मुंबईत गावकऱ्यांचं मंडळ आहे, आणि मंडळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. देवापुढे नारळ ठेवून एकानं सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं विनवणी करायची आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ते गाऱ्हाणं. ह्यांच्या आधी हा मान खंडूकाकांचा होता. साखरेनं त्यांचा एक पाय काढावा लागला, आणि पुढच्याच वर्षी मंडळातल्या चार शहाण्यांनी ठरवलं की देवापुढे उभा राहणारा माणूस धडधाकट हवा. काकांना कोपऱ्यात खुर्चीवर बसवलं. गाऱ्हाणं ह्यांच्याकडे आलं. काका त्या दिवशी "व्हय म्हाराजा" म्हणताना मान खाली घालून बसले होते, ते ह्यांच्या मनातून कधी गेलं नाही. चारच वर्षांनी ह्यांच्या रिपोर्टात साखर निघाली, तेव्हा हे मला एवढंच म्हणाले, "वनमाला, हे ह्या चार भिंतींत राहू दे."

ते तसं राहिलंही असतं. पण गेल्या वर्षी जुलैअखेर हे रिटायर होणार होते. अंधेरीच्या एमआयडीसीत पॅकिंग मशिनच्या कंपनीत हे स्टोअर सांभाळायचे. कंपनीनं सगळ्या कामगारांची मिळून एक मेडिक्लेम काढली होती, त्यात आम्ही तिघंही अकरा वर्षं होतो. नोकरी सुटली की ती पॉलिसीही सुटणार. साखरेचा माणूस, वय अठ्ठावन्न, आणि डोक्यावर काहीच छत्र नाही. माझी झोप उडाली.

मे महिन्यात विद्याधर आला. हा माझा चुलत दीर, मंडळाचा चिटणीस, आणि जोडीला विम्याचा एजंट. गावातल्या निम्म्या घरांच्या पॉलिस्या ह्याच्या हातून निघालेल्या. आमच्यात एक रीतच पडून गेली आहे: आपला माणूस आहे ना, मग कोऱ्या फॉर्मवर सही करायची आणि म्हणायचं, बाकी तू भर रे.

"दादा, झकास प्लॅन आणलाय," त्यानं रंगीत कागद टेबलावर पसरला. "फॅमिली फ्लोटर. तिघांना मिळून एकच पॉलिसी, वीस लाखांची. इथं सही कर, बाकी मी बघतो."

ह्यांनी पेन उचललं. मी ते काढून घेतलं.

"भावोजी, सही रविवारी. तोवर मी वाचते."

"वहिनी, त्यात वाचायचं काय? विश्वास नाही माझ्यावर?"

"कापड कितीही भारी असू दे, मी उलटं करून बघितल्याशिवाय कात्री लावत नाही," मी म्हटलं. "तुमच्यावर विश्वास आहे. कागदावर नाही."

त्याला राग आला, पण चहा पिऊन गेला.

आता मला इंग्रजी येतं ते साडीच्या लेबलापुरतं. पण माझ्याकडे चेतना येते. घाटकोपरच्या एका नर्सिंग होममध्ये ती मेडिक्लेमच्या टेबलावर बसते. कुणाचं बिल कंपनीनं का कापलं, हे रोज लोकांना सांगायचं तिचं काम. तिच्या भावाचं लग्न जवळ आलं होतं, विहारात लागणार होतं, आणि तिला तीन ब्लाऊज हवे होते. मी म्हटलं, "चेतना, शिलाई घेणार नाही. त्याबदल्यात मला हे समजावून सांग."

तिनं रंगीत कागद सोडून आतली बारीक अक्षरं वाचायला घेतली. पाच मिनिटांत तिच्या कपाळावर आठी.

"ताई, वीस लाख खरे. पण खोलीच्या भाड्याला मर्यादा लावलीय. आपल्याकडे कुठल्याही बऱ्या हॉस्पिटलात त्या भाड्यात खोली मिळत नाही. वरच्या खोलीत गेलात की फक्त भाड्याचा फरक नाही कापत, डॉक्टरची फी, ऑपरेशनचा खर्च, सगळं त्याच प्रमाणात कापतात."

"अगं बाई!"

"अजून आहे. प्रत्येक बिलाचा पाचवा हिस्सा तुमचा. आणि आधीपासूनचा आजार असेल तर त्याचे पैसे तीन वर्षं नाहीत." ती थांबली. "काकांना काही आहे का?"

मी तिच्याकडे बघितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा मी घराबाहेरच्या माणसाला सांगितलं, "साखर आहे." बोलून झाल्यावर छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. आणि चेतनानं तर मानसुद्धा वर केली नाही. तिच्या टेबलावर रोज वीस साखरवाले येत असणार.

मग ती म्हणाली, "ताई, मग नवीन प्लॅन घेताच कशाला? कंपनीची पॉलिसी ज्या विमा कंपनीची आहे, तिच्याकडेच स्वतःच्या नावावर बदलून मागता येते. मागची अकरा वर्षं धरतात, परत तीन वर्षं थांबावं लागत नाही. फक्त नोकरी सुटायच्या आधी अर्ज जायला हवा, महिनाभर तरी आधी."

त्या दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि कटिंगचा मोठा खाकी कागद जमिनीवर अंथरला. चेतना सांगत होती, मी खडूनं लिहीत होते. फ्लोटर म्हणजे एकच रक्कम सगळ्यांत वाटून. एकाच्या मोठ्या ऑपरेशनला ती संपली की वर्षभर बाकीचे कोरडे, आणि हप्ता ठरतो घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर. म्हणजे चोवीस वर्षांच्या ऋतिकानं बापाच्या वयाचा भार कशाला वाहायचा? तिची वेगळी, तिच्या वयाची, स्वस्तात. आमच्या दोघांची कंपनीवाली बदलून. ती रक्कम थोडी कमी पडते, तर तिच्यावर सुपर टॉप-अप: पहिली पॉलिसी जिथं संपते तिथून पुढचं ही उचलते, म्हणून मोठी रक्कम असूनही महाग नाही. हॉस्पिटलात दिवसाला ठरावीक पैसे देणाऱ्या पॉलिसीवर मी काट मारली. ऑपरेशनला त्यातून काय होणार? संध्याकाळपर्यंत कागद भरला. मी उभी राहून बघितलं आणि मला स्वतःचंच कौतुक वाटलं. हे तर कटिंगच होतं. कुणाला किती, कुठं शिवण, कुठं जादा कापड सोडायचं.

ह्यांच्या कंपनीच्या ऑफिसात मी स्वतः फोन केला. तिथल्या बाईनं आधी टोलवलं, असं काही नसतं म्हणाली. मी म्हटलं, "असतं. विचारून सांगा, मी फोन धरून उभी आहे." अकरा मिनिटं उभी होते. मग ती म्हणाली, हो, असतं, फॉर्म पाठवते.

रविवारी विद्याधर आला. मी खाकी कागद भिंतीला टाचण्यांनी लावून ठेवला होता. खोलीचं भाडं, पाचवा हिस्सा, तीन वर्षं, सगळं बोट ठेवून ठेवून दाखवलं. आधी तो हसला, मग त्यानं चष्मा लावून सगळं पुन्हा वाचलं.

"ठीक आहे," शेवटी तो म्हणाला. "कंपनीची बदलून घ्या. पण दादा, एक ऐक. फॉर्ममध्ये आजार विचारतात. सगळीकडे 'नाही' लिही. काही असलं तरी 'नाही'. हो लिहिलंस तर पॉलिसीच देणार नाहीत. आपल्या सगळ्या लोकांच्या फॉर्मवर मी 'नाही'च लिहितो. आजपर्यंत कुणाचं काय बिघडलं?"

विद्याधरला ह्यांच्या साखरेचा पत्ता नव्हता, पण ह्यांना हवी तीच वाट त्यानं दाखवली. हे माझ्याकडे न बघता ऑफिसातून आलेला फॉर्म घेऊन खुर्ची ओढून बसले. ऋतिका इंग्रजी वाचून एकेक ओळ मराठीत सांगत होती आणि हे खुणा करत होते. दमा, नाही. क्षय, नाही. मधुमेह. ऋतिका अडखळली. ह्यांनी पेन टेकवलं आणि नाहीवर खूण केली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विद्याधरसमोर ओरडले असते तर ह्यांचं गुपित मीच फोडल्यासारखं झालं असतं. न ओरडते तर एवढी धडपड मातीत. चेतनानं मला बजावलं होतं, आजार लपवलेला सापडला की क्लेम नाकारतात आणि पॉलिसीही रद्द करतात. म्हणजे मांडवात उसवणार, हे नक्की.

तेवढ्यात हे उठले आणि नेहमीप्रमाणे देवाजवळ नारळ ठेवायला गेले. आमच्याकडे फ्रीज आला तरी नारळ, ऋतिकाचा कॉलेजचा फॉर्म भरला तरी नारळ. कागद देवापुढे ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, आणि मगच सही करायची. मला एकदम सुचलं.

"अहो," मी म्हटलं, "आज फॉर्म वाचून दाखवा देवाला. एवढा महत्त्वाचा कागद आहे. ऋतिका मराठीत सांगेल, तुम्ही गाऱ्हाण्यात बोला. आम्ही व्हय म्हणतो."

हे माझ्याकडे बघत राहिले. मी काय करते आहे ते त्यांना कळलं होतं. पण विद्याधर समोर होता, आणि देवाला वाचून दाखवायला नको असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

त्यांनी हात जोडले. ह्यांचा गाऱ्हाण्याचा आवाज वेगळाच आहे, खालून येतो.

"बा देवा रवळनाथा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघं.

"आज ह्या घरात जो काय कागद भरलो आसा, तो तुझ्या पायाशी ठेवलो आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या माणसाक दमो नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या माणसाक क्षय नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या माणसाक..."

आवाज थांबला. समईची वात तेवढी हलत होती. मी डोळे मिटले नाहीत, मी त्यांच्या पाठीकडे बघत होते.

"दादा, पुढची ओळ घे," विद्याधर कुजबुजला.

"देवासमोर खोटं बोलू?" हे न वळता म्हणाले.

विद्याधर चपापला. "खोटं? म्हणजे..." मग त्याच्या ध्यानात आलं. "अरे, पण देव वेगळा आणि कंपनी वेगळी रे!"

"सही एकच आहे ना पण?" मी म्हटलं.

मग हे बोलले, पण गाऱ्हाण्याच्या आवाजात नाही, घरातल्या साध्या आवाजात.

"ह्या माणसाक साखर आसा म्हाराजा. सहा वर्षां आसा."

ऋतिका रडत होती. रडत रडतच ती म्हणाली, "व्हय म्हाराजा." मीही म्हणाले. माझा नवरा मला त्या क्षणी जितका आवडला तितका लग्नातसुद्धा आवडला नव्हता.

त्यांनी नाहीवरची खूण खोडली, शेजारी सही केली आणि हो लिहिलं. किती वर्षं, कुठल्या गोळ्या, सगळं. सुपारीची डबी टेबलावर आणून ठेवली. विद्याधर चप्पल घालताना म्हणाला, "नाकारणार, बघा वहिनी. वाट लावलीत तुम्ही." जाता जाता त्यानं एक चांगलं केलं: मंडळात ही गोष्ट बोलणार नाही, असं दादाला वचन दिलं.

विमा कंपनीनं रक्त तपासायला माणूस पाठवला, आणखी दोन कागद मागवले, आणि तीन आठवडे माझा जीव टांगणीला लावला. मग पॉलिसी आली. हप्ता थोडा वाढला होता. पण त्यावर छापलं होतं: मधुमेह, कळवलेला. थांबायची मुदत, पूर्ण झालेली. मी तो कागद ऋतिकाकडून तीनदा वाचून घेतला आणि त्याची आणि भरलेल्या फॉर्मची एकेक प्रत दुकानात, गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत ठेवली. त्या वहीत सगळं खरंच असतं.

फेब्रुवारीत एका सकाळी हे दूध घेऊन जिना चढले आणि दुसऱ्या मजल्यावर बसूनच राहिले. घामानं शर्ट चिंब. ऋतिकानं रिक्षा आणली. हॉस्पिटलात कळलं, हृदयाच्या दोन नळ्या बंद होत्या, लगेच स्टेंट घालायला हवे होते. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, मधुमेह, जवळपास सात वर्षं.

तासाभरात मेडिक्लेमच्या टेबलावरून मला बोलावणं आलं. विमा कंपनीनं विचारलं होतं: रुग्णाला मधुमेह कधीपासून? पॉलिसी घेताना कळवला होता का?

विद्याधर धावत आला होता. त्यानं तो प्रश्न वाचला. वीस वर्षांची सवय कुठं जाणार? "वहिनी," तो हळूच म्हणाला, "डॉक्टरांना सांगूया का, साखर आत्ताच निघाली म्हणून लिहा?"

ऋतिकानं दुकानातून आणून दिलेली मापांची वही मी पिशवीतून काढली. वहीतून फॉर्मची प्रत. खोडलेलं 'नाही', शेजारची सही, आणि ठसठशीत 'हो'. टेबलावरच्या माणसानं तो कागद पाठवला. घड्याळात मी बघत होते, पस्तीस मिनिटं झाली. मग त्यानं मान वर केली. "काकू, मंजूर झालं. संपूर्ण."

मी तिथं, सगळ्यांसमोर, टाळी वाजवली. लाज कसली? मी जिंकले होते. आतमध्ये नर्स ह्यांना विचारत होती, "आजोबा, शुगर आहे का?" आणि सुपारीच्या डबीत गोळ्या लपवणारा माझा नवरा बाहेर ऐकू येईल एवढ्या आवाजात सांगत होता, "आहे! सात वर्षं! फॉर्ममध्ये लिहिलीय!"

एप्रिलात मंडळाची पूजा होती, शाळेच्या हॉलमध्ये. हार्टची बातमी सगळीकडे झाली होती, आणि कोपऱ्यात एक खुर्ची मांडून ठेवलेली मी आल्या आल्या बघितली. ह्यांनीही बघितली. पण हे खुर्चीजवळून सरळ पुढे गेले, नारळासमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"बा देवा रवळनाथा! ही तुझी चाकरमानी लेकरां पोटासाठी मुंबैत इली आसत, तेंची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या बाळग्याक सात वर्षां साखर आसा. ती मी तुझ्यापासून आणि ह्या माणसांपासून लपवून ठेवलंय. ती चूक पदरात घे रे म्हाराजा!"

दीडशे माणसं, आणि शिऱ्याच्या पातेल्यावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला.

"आमच्या खंडूकाकांका आम्ही खुर्चीत बसवलंव, ती चूकय पदरात घे. आणि जे कोण आपलो आजार लपवून बसले आसत, तेंका खरा बोलूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

बायकांच्या शेवटच्या रांगेतून एक म्हातारा आवाज आला, "व्हय म्हाराजा." खंडूकाकांची बायको होती ती; काका आता नव्हते. तिच्यामागून सगळा हॉल असा गरजला की पंख्यांच्या दांड्यांना बांधलेले हार हलले असतील. ती रिकामी खुर्ची मी स्वतः उचलून तिला नेऊन दिली, पाय दुखतात तिचे.

प्रसाद वाटताना ह्यांनी शिरा बोटाच्या टोकाएवढा घेतला आणि कुणी आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर बाहेर विद्याधर उभा. हातात त्याची स्वतःची पॉलिसी, नऊ वर्षांपूर्वीची, आणि विमा कंपनीला पाठवायचं एक पत्र, कोरं. त्यानं इकडंतिकडं बघितलं.

"वहिनी, मला पण बीपी आहे. बारा वर्षं. माझ्या फॉर्मवर पण मीच 'नाही' असं लिहिलंय. आता खरं काय ते कळवायचंय. मला जमेना, तुम्ही बसा ना बाजूला."

मी त्याला स्टूल दिलं, टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि पत्र सरळ केलं. त्यानं पेन उघडलं.

"थांबा," मी म्हटलं. "आधी नारळ घेऊन या."